मदत हवी आहे: ऑपरेशनच्या व्रणाजवळची लाली, इन्फेक्शन की कॅन्सर परतला?

नमस्कार. आम्ही डिचोलीचे. माझ्या मावशीला (वय ६१) २०१७ साली उजव्या स्तनाचा कॅन्सर झाला होता. स्तन काढला, केमो आणि रेडिएशन झालं, पुढे हार्मोनची गोळी. तब्येत उत्तम होती, गेल्या चतुर्थीला माटोळी बांधायला तीच पुढे.

पावसाळ्यात व्रणाखाली लाली उठली. आधी फंगस म्हणून मलम, मग इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक. काडीचा फरक नाही. लाली बगलेकडे सरकली तेव्हा शेजारणीने नागीण ठरवून गेरू लावायला सांगितलं. पण आग नाही, फोड नाहीत, ताप नाही. कातडी हाताला जाड लागते, कड उठून आलीय आणि तिथेच मसुराएवढ्या दोन-तीन टणक गाठी आहेत. दाबल्या तरी दुखत नाहीत.

कातडीच्या डॉक्टरांनी आधी जुनी फाइल मागितली आणि पंच बायोप्सी (कातडीचा छोटा गोल तुकडा काढून तपासणं) सांगितली. कॅन्सरच्या पेशी कातडीतल्या लसिकावाहिन्यांत (लिम्फच्या बारीक नळ्यांत) अडकल्या की हुबेहूब इन्फेक्शनसारखी लाली दिसते म्हणे. बायकांमध्ये कातडीवर पसरणारा कॅन्सर बहुतेक वेळा स्तनाचाच असतो. रेडिएशननेही कातडी जाड होते, त्यामुळे नुसतं बघून कोणालाच ठामपणे सांगता येणार नाही.

इथे घोडं अडलंय. मामांच्या मते सुई लागली की कॅन्सर पसरतो. डॉक्टरांनी असं होत नाही हे समजावलं, तरी मावशीच्या मनात ते बसलंय. ज्यांच्या घरी कातडीची बायोप्सी झाली आहे त्यांनी कृपया लिहा: किती दुखलं, टाके किती दिवसांनी काढले? तिला माणसांचा अनुभव पटेल.

दुसरं, ब्लॉकचं, म्हणजे जुन्या ऑपरेशनातला लॅबने मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा. परतलेल्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर (हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन) बदललेले असू शकतात आणि औषध त्यावर ठरतं, म्हणून ते पुन्हा तपासायचे आणि जुन्या ब्लॉकशी ताडून बघायचे आहेत. इतका जुना ब्लॉक लॅबमधून कोणी सोडवून आणलाय का? अर्ज पेशंटच्याच सहीने लागतो का? आणि तुकड्यात काही सापडलं नाही पण लाली तशीच राहिली, तर दुसऱ्या जागचा तुकडा घ्या असा आग्रह धरावा ना?

बायोप्सी बांबोळीला गोमेकॉतच (गोवा मेडिकल कॉलेजात) करायची आहे. परळला टाटामध्ये स्लाइड दाखवून दुसरं मत घेतलेल्यांनीही सांगावं. घरगुती उपाय कृपया नकोत. गुरुवारी ओपीडी आहे, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.