एका सकाळी तीन मिसळी: चव कळते की जीभ बधिर होते?

पेठकरी
पुण्यात रविवारी चार मित्र जमले की ठरलेला प्रकार: कुणीतरी मोबाइल काढतो, जिथे सगळ्यांत जास्त तारे तिथे जायचं, ताटकळत नंबर लावायचा, एकेक प्लेट संपवायची आणि घरी. अशाने शहरातली मिसळ कळत नाही. माझं मत ठाम आहे. एका सकाळी दोन-तीन ठिकाणं करावीत, चालत करावीत आणि प्रत्येक ठिकाणी वाटून खावं. एकामागोमाग खाल्ल्याशिवाय फरक जिभेवर ठरत नाही.

माणसं चारच. सुरुवात साडेआठच्या सुमारास. चौघांत दोन मिसळी, पाव लागतील तेवढे जादा. क्रम मात्र सौम्याकडून तिखटाकडेच. आधी मुंजाबाच्या बोळातले बेडेकर, कारण तिथला रस्सा गोडसर असतो. तिखटाची भूक असेल तर मग तुळशीबागेतलं श्रीकृष्ण. उलट केलंत तर बेडेकरांचा रस्सा फिका वाटेल आणि तो दोष त्यांचा नसेल. पाय तयार असतील तर फडके हौदाजवळचे वैद्य. तिथला रस्सा आलं आणि हिरव्या मिरचीचा, हिरवा. त्याची लाल रश्शाशी तुलनाच होत नाही, म्हणूनच तो खायला हवा. हे तिसरं ठिकाण तुळशीबागेच्या आधी घ्या.

कुठेही गेलात तरी पहिला चमचा नुसत्या सॅम्पलचा, म्हणजे पातळ रश्शाचा घ्या. पाव नाही, फरसाण नाही, लिंबू नाही. लिंबू पिळलं की कच्चा राहिलेला मसाला लपतो.

मोडाची_मटकी
चमच्याचं मान्य, बाकीचं नाही. मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तो तेलात आणि दुधातल्या स्निग्धांशात विरघळतो. त्यामुळे दोन ठिकाणांमध्ये पाणी पिऊन जीभ कोरी होत नाही. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत तुम्ही फक्त तिखट मोजत असता, मसाला नाही. आणि मिसळीत बघायचं ते तिखटाच्या पलीकडेच असतं. मटकीला मोड अर्धा सेंटिमीटरच्या आसपास हवा. आठ-दहा तास भिजवून फडक्यात बांधली की उन्हाळ्यात बारा तासांत मोड येतात, थंडीत जवळपास दुप्पट वेळ लागतो. उन्हाळ्यात थंडीइतकाच वेळ बांधून ठेवली तर आंबूस वास येतो, आणि तो मसाल्याने झाकला जात नाही. शिवाय मटकी जास्त शिजली की फुटते आणि रस्सा पिठूळ होतो. हे सगळं बधिर जिभेला काय कळणार?

एक ठिकाण निवडा आणि तिथे तीनदा जा. एकदा मंगळवारी नऊला, एकदा शनिवारी अकराला, एकदा पावसात. उपाहारगृहाची खरी किंमत सातत्यात आहे.

पेठकरी
पाण्याने काही होत नाही, बरोबर. म्हणून मध्ये ताक प्यावं किंवा नुसता पाव चावून खावा आणि वीस मिनिटं चालावं. पण तीनदा एकाच जागी गेलात तर तुम्हाला ती जागा कळेल, मिसळ कळणार नाही.

गल्ल्यामागून
छोट्या जागेची बाजू मांडतो. आठ टेबलांच्या हॉटेलात रविवारी दहा वाजता चौघांनी दोन मिसळी घेऊन अर्धा तास बसणं हा अन्याय आहे. सॅम्पलमध्ये तेल जातं, कांदा-खोबरं जातं, गॅस जातो. ते फुकट मिळणारं पाणी नाही. पुण्यात कित्येक ठिकाणी जादा सॅम्पलचे पैसे लावतात आणि दोघांत एक मिसळ चालणार नाही अशी पाटीही असते. ती पाटी कंजूषपणाची नाही, हिशेबाची आहे. वाटूनच खायचं असेल तर मधल्या वारी या, आधी विचारा आणि सोबत चहा किंवा आणखी काही मागवा. मधल्या वारी सकाळी कुणी नाही म्हणणार नाही.

वेळेचा मुद्दा मात्र धाग्यात अर्धाच आलाय. रस्सा सकाळपासून आचेवर असतो. पाणी उडत जातं, दाटपणा आणि मीठ दोन्ही वाढतं. मग कुणी घाईत गरम पाणी ओततं आणि पुन्हा उकळी यायच्या आत वाढतं. अशा वेळी तर्री, म्हणजे वरचा तिखट तेलाचा तवंग, एकीकडे आणि खाली पचपचीत पाणी असं दिसतं. त्यात स्वयंपाक्याचा हात वाईट नसतो, वेळ वाईट असते. अकरानंतर खाऊन एखाद्या जागेवर शिक्का मारू नका.

कट_कोल्हापुरी
सॅम्पल, कट, तर्री हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले की घोटाळा होतो. पुण्या-मुंबईत सॅम्पल म्हणजे सगळा पातळ रस्सा. कोल्हापुरात आम्ही कट म्हणतो तो झणझणीत असतो आणि बरोबर बहुतेक ठिकाणी स्लाइस ब्रेड येतो. पुण्याच्या जुन्या मिसळीत पोहे आणि बटाट्याची भाजी असते, आमच्याकडे भर मटकीवर आणि कांदा-लसूण मसाल्यावर. नाशिकला काळा मसाला, पापड आणि दही. त्यामुळे "सर्वांत चांगली मिसळ" हा प्रश्नच चुकीचा आहे. कोल्हापूरच्या फडतऱ्यांचा कट खाऊन आलेल्याने बेडेकरांना गोड म्हणून गुण कापायचे, हा न्याय नव्हे. त्या त्या घराण्यात काय साधायचं होतं आणि ते साधलं का, एवढंच बघा.

तर्री ओळखायची खूण सांगतो. तेल धुरावलं असताना मिरचीपूड टाकली की ती क्षणात जळते. रंग तपकिरी होतो आणि घशाशी कडवट राहते. योग्य रीत अशी: गॅस बंद करायचा, मिनिटभर थांबायचं, मग पूड घालायची आणि लगेच वाटण किंवा पळीभर रस्सा. मिरचीचा रंग तेलात उतरतो, त्यामुळे लाली वरच्या तवंगातच जास्त हवी. तवंगाखालचं पाणीच भडक गुलाबी-लाल दिसलं आणि बोटाला रंग लागून राहिला, तर वरून रंग घातल्याची शंका घ्या.

मोडाची_मटकी
शेवटची खूण जपून वापरा. वाटलेल्या मिरचीचे कण रश्शात तरंगतात, त्यामुळे खालचा भागही लालसरच असतो. वाटीत दोन-तीन मिनिटं न ढवळता ठेवा. कण तळाशी बसले आणि मधलं पाणी निवळलं तर मिरचीच आहे. मधला थर तसाच एकसारखा भडक राहिला तर शंका. नाहीतर एखाद्या प्रामाणिक माणसाची उगाच बदनामी होईल.

पायी_पुणे
ताऱ्यांना इतकं मोडीत काढू नका. सरासरी आकडा बघू नये हे खरं, कारण त्यात पार्किंग, वेटरचं बोलणं, सजावट सगळं मिसळलेलं असतं. पण अभिप्राय नव्यापासून लावा आणि तीन तारेवाले वाचा. रागाने लिहिणारा एक तारा देतो, भारावलेला पाच. तीन देणारा नेमकं लिहितो: "रस्सा चांगला, फरसाण खवट". गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो बघा. हॉटेलने स्वतः टाकलेले नकोत. सलग तीन महिन्यांच्या फोटोंत तवंगाचा रंग सारखा दिसला तर तुमचं ते सातत्य घरबसल्या कळलं. पुण्यात नव्याने आलेल्या मुलांना पेठेत राहणारा मित्र नसतो. त्यांनी सुरुवात कुठून करायची?

पेठकरी
हे पटलं. यादी फोटोंवरून करावी, निकाल तिथून देऊ नये. वरच्या मांडणीतला रविवारही मागे घेतो, मधला वार घ्यावा. पण तुलना सोडत नाही. कोल्हापूरकरांच्या म्हणण्याप्रमाणे घराणं वेगळं असेल तर गुण देऊ नयेत, मात्र घराणं वेगळं आहे हे कळायलाच दोन रस्से लागोपाठ खावे लागतात. तीनऐवजी दोन ठिकाणं करू.

मोडाची_मटकी
दोनला माझी हरकत नाही. एक भर घाला: फरसाण वेगळं मागा आणि आधी कोरडं चाखा. जुन्या तेलाचा खवट वास रश्शात बुडाल्यावर कळत नाही, पोटाला मात्र कळतो. मग ते थोडं थोडं घाला. बारीक शेव लगेच मऊ पडते, पापडी आणि गाठी जास्त टिकतात. चौघांत वाटून खाताना पहिल्याच मिनिटाला सगळं कालवलं तर चौथ्याच्या वाट्याला लगदा येतो आणि तो म्हणतो मिसळ वाईट होती.

गल्ल्यामागून
फरसाण वेगळं मिळतं, फक्त मिसळ सांगतानाच सांगा. प्लेट लावून झाल्यावर नाही.