तिसरीच्या पोराला पहिलीचं वाचायला लावायचं का?

खडूधूळ
बीड जिल्ह्यात एका तांड्यावरच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवतो. माझ्याकडे तिसरी-चौथी मिळून २१ पोरं. दिवाळीच्या सुमारास निम्मी आईबापांसोबत ऊसतोडीला जातात, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. जूनमध्ये तपासलं तर सात जण गोष्ट वाचतात, पाच जण शब्दांवर अडखळतात, उरलेल्यांना मुळाक्षरंही धड येत नाहीत. म्हणून परिपाठानंतर तासभर मी इयत्ता विसरतो. ज्याचं वाचन जिथे थांबलंय तिथून त्याला पुढे नेतो. यात माझं नवं काही नाही, ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने हे कितीतरी वर्षं केलंय. पण परवा शिक्षण परिषदेत एक ज्येष्ठ म्हणाले, “तिसरीच्या पोराला पहिलीचं शिकवणं म्हणजे त्याचं वर्ष खाणं.” मला वाटतं, न वाचता येणारं तिसरीचं पुस्तक त्याच्यापुढे उघडं ठेवलं की वर्ष खाल्लं जातं. तुमचं काय मत?

निवृत्त गुरुजी
राग मानू नका. ३४ वर्षं शिकवलं, एका वर्गात साठ-साठ पोरं. पाटी, बाराखडी, रोज एक पान शुद्धलेखन. सगळी वाचायला शिकली. तुम्ही गट पाडलेत की पोराला दुसऱ्याच दिवशी कळतं, आपण ‘ढ’ गटात. पूर्वी मागच्या बाकावर बसवायचे, आता बाकाचं नाव बदललं. आणि शिक्षक एक, गट तीन. तुम्ही एका गटाशी बसता तेव्हा बाकीचे दोन काय करतात? एकमेकांच्या पेन्सिली पळवतात.

डोंबिवलीकरीण
सगळी शिकली? गुरुजी, जी शिकली नाहीत ती शाळा सोडून गेली, ती तुम्हाला आठवणार कशी?
माझा मुलगा दुसरीत ‘भ’ला ‘म’ आणि ‘घ’ला ‘ध’ वाचायचा, काना-मात्रा गाळायचा. वर्गात सगळ्यांचा एकच धडा, एकच वेग. “लक्ष नसतं त्याचं,” एवढंच ऐकलं. पाचवीत तपासणी झाली, तेव्हा अध्ययन अक्षमता निघाली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती आहे, दहावीला जादा वेळ मिळतो, सगळं खरं. पण वाचायला शिकायचं असतं दुसरीत! पुढे एका बाईंनी त्याला एका वेळी दोन-तीनच अक्षरं दिली, रव्यात बोटाने गिरवून. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर, एवढं पचायला त्याला चार महिने लागले. साठ पोरांच्या वर्गात ते चार महिने कोण देणार होतं?

भाषाकट्टा
गटांपेक्षा मला क्रमाचं पडलंय. आपली वर्णमाला उच्चारस्थानांनुसार लावलेली आहे, देखणी आहे. पण वाचन शिकवायला तोच क्रम कशाला? क ख ग घ ङ घोकून पोर वाचणार काय? ‘ङ’चा एक शब्द सांगा. त्याऐवजी म, क, ब, र ही चार अक्षरं, काना आणि दुसरी वेलांटी द्या: काका, मामी, बारा, बाकी, रबर. आठवड्यात पोर आपलं आपण शब्द वाचतं. जोडाक्षरं आणि रफार मागाहून.

कागदी घोडे
मीही जिल्हा परिषदेचाच. खडूधूळ सर, तुमचा तास चांगला असेल, पण तो उद्या आदेश म्हणून आला की त्याचा तक्ता होतो. कोण कोणत्या स्तरावर, ते लिंकवर भरा, फोटो टाका. केंद्र सरकारचं ‘निपुण भारत’ अभियान २०२१ला आलं, तिसरीपर्यंत प्रत्येक मूल वाचतं करायची मुदत २०२६-२७. ‘असर’ हा शिक्षणाच्या पाहणीचा अहवाल म्हणतो, देशभरच्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीत दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०२२मध्ये १६.३ टक्के होती, २०२४मध्ये २३.४. वाढलं, मान्य. पण चारात तीन अजून बाहेरच. मला गट नकोत, तिसरा शिक्षक द्या.

खडूधूळ
तिसरा शिक्षक मलाही हवाय, मागणीखाली माझीही सही घ्या.
गुरुजी, शिक्क्याचं तुमचं बरोबर आहे. पहिल्या वर्षी मी गटांना फुलांची नावं दिली होती. आठवड्यात पोरंच म्हणायला लागली, “झेंडूला वाचता येत नाही.” आता नावंच नाहीत. पंधरा दिवसांनी पुन्हा ऐकतो आणि जागा बदलतात. गणिताला गट निराळे. पेन्सिली पळवल्या जातात, खोटं कशाला बोलू.
पण पाटी-बाराखडीला आमच्या तांड्यावर काय होतं ते सांगतो. तक्त्यावर ‘आ’पुढे आईचं चित्र. पोर चित्र बघून म्हणतं, “याडी.” भाकरीच्या चित्राला म्हणतं, “बाटी.” गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, ते अगदी बरोबर आहे. चित्र बघून अक्षर कळावं ही सगळी युक्ती तिथेच पडते. मी ‘चूक’ म्हटलं तर ते पुढे तोंड उघडत नाही. म्हणून आता ‘य’ लवकर घेतो, फळ्यावर याडी लिहितो, शेजारी आई. एवढं करायला इयत्तेचं पुस्तक बाजूला ठेवावंच लागतं.

निवृत्त गुरुजी
याडीचं ठीक. बाकी पटलं असं समजू नका. बदलत्या जागांचा खेळ तुम्ही आहात तोवर चालेल, बदली झाली की संपला.
आणि भाषाकट्टा, ‘ङ’चा शब्द: वाङ्मय. आता न बघता लिहून दाखवा.