युद्धावर जाऊन आलेल्या संगीतशिक्षकांचे चरित्र कसे लिहावे?

शब्दवेल्हाळ:

नमस्कार. आमच्या शाळेतील दिवंगत संगीतशिक्षकांवर आम्ही काही माजी विद्यार्थी एक छोटेखानी चरित्र लिहीत आहोत. सर तरुणपणी सैन्याच्या बँडमध्ये वादक होते, प्रत्यक्ष युद्धावर जाऊन आले आणि सेवामुक्त झाल्यावर निवृत्तीपर्यंत शाळेतच शिकवत राहिले. त्यांच्या कुटुंबीयांनी सेवामुक्तीचे कागद, काही पदके आणि सरांच्या हातच्या स्वरलिपीच्या वह्या मोठ्या विश्वासाने आमच्या स्वाधीन केल्या आहेत. अडचण अशी की, युद्धाविषयी ते वर्गात कधीही बोलले नाहीत.

आजवर दोन मसुदे झाले आणि दोन्ही मला पटलेले नाहीत. पहिल्यात सुरुवातीलाच रणांगणाचे लांबलचक वर्णन आहे आणि पुढे संगीताने त्यांच्या मनाच्या जखमा कशा भरल्या, असा सूर लावला आहे. पण सर स्वतः असे काही म्हणाल्याचे कोणालाच आठवत नाही. दुसऱ्या मसुद्यात युद्ध एका ओळीत उरकले आहे, आणि ज्या माणसाने उमेदीची वर्षे तिथे घालवली त्याच्यावर तो मला अन्याय वाटतो. वर्गातल्या आठवणी मात्र भरपूर जमल्या आहेत. गाणाऱ्या मुलाकडे ते नेहमी उजवा कान करून उभे राहत. सूर किंचित हलला तर एकवेळ चालवून घेत, पण शब्द पुसट आला की तीच ओळ पुन्हा म्हणायला लावत. वह्यांमध्ये श्वास कुठे घ्यायचा, याच्या तांबड्या पेन्सिलीच्या खुणा जवळजवळ प्रत्येक ओळीवर आहेत. अशा माणसाच्या चरित्रात युद्ध किती असावे आणि वर्ग किती, हे कसे ठरवावे?

बिगुलवादक (निवृत्त):

मी स्वतः सैन्याच्या बँडमध्ये नोकरी केली आहे, म्हणून लिहितो. बँडमधला माणूस युद्धात नेमके काय करतो, हे आधी समजून घ्या. तुमच्या पहिल्या मसुद्याची गफलत बहुधा तिथेच झाली असावी. ब्रिटिश परंपरेतून आलेल्या सैन्यांत लढाई सुरू झाली की वाद्ये सहसा मागे ठेवली जातात आणि वादक स्ट्रेचर उचलणारे म्हणून कामाला लागतात. त्यांना प्रथमोपचाराचे शिक्षण त्यासाठीच दिलेले असते. म्हणजे तुमच्या सरांचे युद्ध गोळी झाडण्याचे असण्यापेक्षा जखमींना उचलून मागे आणण्याचे असण्याची शक्यता अधिक आहे. सेवामुक्तीच्या कागदात त्यांचा ट्रेड, म्हणजे सैन्यातील नेमून दिलेले काम, आणि घेतलेली प्रशिक्षणे नोंदलेली असतील, ती नीट पाहा.

आणखी एक बारकावा सांगतो, कारण तो बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतो. संचलनात वादकाच्या अंगात सर्वांत आधी काय मुरवले जाते, तर पावलाला पाऊल मिळवणे. स्ट्रेचर उचलताना मात्र पाऊल मुद्दाम तोडावे लागते. पुढच्याने डावा पाय टाकला की मागच्याने उजवा टाकायचा, कारण दोघांची पावले एकत्र पडली तर स्ट्रेचर हिंदकळते आणि प्रत्येक हेलकावा जखमी माणसाच्या अंगावर जातो. वर्षानुवर्षे अंगी बाणवलेली लय त्या वेळी निश्चयाने बाजूला ठेवायची असते. चरित्रात एवढे एक वाक्य खरेपणाने आले, तरी तोफांच्या धुराची वर्णने करावी लागणार नाहीत.

श्वासाच्या खुणांबद्दल वाचून बरे वाटले. बिगुलाला कळा नसतात. वेगवेगळ्या सप्तकांतले षड्ज आणि पंचम आणि त्यांच्या जोडीला गंधार, एवढ्याच सामग्रीवर बिगुलाचे सगळे इशारे उभे असतात, आणि ते स्वर फक्त ओठांचा ताण आणि श्वास यांवर काढायचे असतात. श्वास चुकीच्या जागी घेतला तर इशारा मोडतो. अशा शिस्तीतून आलेला माणूस मुलांच्या गाण्यात आधी श्वासाच्या जागा आखणार, यात मला नवल वाटत नाही.

पदकांविषयी सावध राहा. मोहिमेची पदके त्या काळात त्या क्षेत्रात सेवा बजावणाऱ्या सर्वांना मिळतात. शौर्यपदक वेगळे आणि त्यासोबत कामगिरीचा लेखी उल्लेख असतो. तसा उल्लेख हाती नसेल तर ‘शौर्य गाजवले’ असे लिहू नका. ते खोटे ठरले तर सरांच्याच नावाला बट्टा लागेल.

श्रवणा:

मी श्रवणतपासणीच्या क्षेत्रात काम करते. उजवा कान पुढे करण्याची सवय वाचून थांबले. उजव्या खांद्याला रायफल लावून नेम धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाच्या अधिक जवळ येतो आणि उजव्या कानाला डोक्याचा थोडा आडोसा मिळतो. त्यामुळे अशा माणसांचा डावा कान पुष्कळदा अधिक बिघडलेला आढळतो. मोठ्या आवाजाने आलेली ही हानी साधारण ३००० ते ६००० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या) पट्ट्यात, विशेषतः ४००० हर्ट्झच्या आसपास, सुरू होते आणि आतील कानातील, आवाज टिपणाऱ्या रोमपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

आता याचा वर्गाशी संबंध पाहा. मुलांच्या गाण्यातील स्वरांची मूळ कंपने या पट्ट्याच्या बरीच खाली असतात, त्यामुळे सूर ओळखण्याची शक्ती पुष्कळ वर्षे शाबूत राहू शकते. ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारी ऊर्जा मात्र वरच्या कंपनांत असते आणि ती आधी हरवते. शब्द पुसट आला की पुन्हा म्हणायला लावण्यामागे हे कारण असू शकते. मुलांना वाटले असेल की सर कडक आहेत, आणि सरांना ते शब्द खरोखरच पोहोचले नसतील.

तरीही हे निदान म्हणून छापू नका, ही कळकळीची विनंती. पितळी वाद्यांच्या ताफ्यात वर्षानुवर्षे बसल्यानेही कान जातात आणि वयोमानानेही जातात. तपासणीचे जुने कागद कुटुंबीयांकडे असतील तरच कारण लिहा. एरवी विद्यार्थ्यांनी जे पाहिले, तेवढेच जसेच्या तसे लिहा.

मंद्रसप्तक:

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत. त्यांत एका संगीतकाराच्या आयुष्याची भर घालतो, कारण तुमच्या पहिल्या मसुद्यातील प्रश्न तिथेही आडवा येतो. राल्फ व्हॉन विल्यम्स १९१४ साली, वयाच्या ४२व्या वर्षी, ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलात साधे शिपाई म्हणून दाखल झाले आणि १९१६ मध्ये फ्रान्समध्ये जखमींची ने-आण करणाऱ्या रुग्णवाहिकेच्या तुकडीत होते. पुढे ते तोफखान्यात अधिकारी झाले आणि युद्धानंतर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकवू लागले. त्यांची तिसरी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची रचना, १९२२ साली वाजवली गेली तेव्हा अनेकांना ती इंग्लंडच्या कुरणांचे शांत चित्र वाटली. प्रत्यक्षात ती फ्रान्समधल्या त्या दिवसांत मनात रुजली होती. सराव करणाऱ्या एका बिगुलवाल्याचा वरचा षड्ज हुकून त्याखालचा निषाद लागत असे, आणि तो स्वर दुसऱ्या भागातील ट्रम्पेटच्या एकल वादनात आला आहे. कळांशिवाय, नुसत्या फुंकेने लागणारा हा नैसर्गिक निषाद पेटीवरच्या कोमल निषादाहूनही अर्ध्या स्वराच्या जवळपास एकतृतीयांशाने उतरलेला असतो. युद्ध त्या रचनेत आहे ते एवढ्या एका उतरलेल्या स्वरात, आणि मला ते कोणत्याही घोषणेपेक्षा अधिक खरे वाटते.

त्यांचे जिवलग मित्र गुस्ताव्ह होल्स्ट, संस्कृत शिकून ऋग्वेदातील सूक्तांची स्वतः भाषांतरे करणारे, १९०५ पासून १९३४ मध्ये मृत्यू येईपर्यंत लंडनच्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत संगीत शिकवत होते. प्रकृतीमुळे त्यांना सैन्यात घेतले नाही; १९१८ च्या अखेरीस ते सैनिकांना संगीत शिकवण्यासाठी ग्रीसमधील सलोनिका येथे गेले. जगभर वाजणाऱ्या त्यांच्या रचनांपैकी एक त्यांनी या शाळेच्या वाद्यवृंदासाठी लिहिली होती. शाळेतील संगीतशिक्षकाचे काम पाहायचे असेल तर समोरच्या मुलांसाठी त्याने काय लिहिले, ते पाहावे लागते. तुमच्या सरांच्या वह्यांत एकाच गीताच्या दोन-तीन आवृत्त्या आहेत का? एखाद्या मुलासाठी पट्टी उतरवली आहे का, अवघड तान गाळली आहे का? कोणत्या वर्गासाठी, कोणत्या वर्षी, हे जुळवता आले तर चरित्राचा मोठा भाग तिथेच मिळेल. युद्धाला त्याच्या काळक्रमात एक सलग, संयमी प्रकरण द्या आणि त्याचे धागेदोरे पुढच्या प्रत्येक गोष्टीला ओढूनताणून जोडू नका.

शब्दवेल्हाळ:

सर्वांचे मनापासून आभार. कागद पुन्हा पाहिले; बँडच्या ट्रेडखाली प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाची नोंद खरोखरच आहे. वह्यांत एक गीत तीन पट्ट्यांत लिहिलेले सापडले आणि समासात मुलांची आद्याक्षरे आहेत. ती मुले कोण, याचा शोध सुरू केला आहे. एक शंका उरते: कागदांसोबत युद्धकाळातील काही घरगुती पत्रेही आली आहेत. ती वापरावीत का?

बिगुलवादक (निवृत्त):

पत्रे आधी कुटुंबीयांना वाचायला द्या. कागदांच्या गठ्ठ्यात ती आहेत, हे कदाचित त्यांनाही ठाऊक नसेल. त्यांनी लेखी संमती दिली तरच उतारे घ्या. पत्रात एखाद्या जखमी किंवा मृत साथीदाराचे नाव असेल तर ते छापू नका, कारण त्याच्या घरच्यांना काय कळवले गेले होते, हे आपल्याला माहीत नसते. सेवामुक्तीच्या कागदाचे छायाचित्र देणार असाल तर त्यावरील सेवाक्रमांक आणि पत्ता झाका.