मदत हवी आहे: काळ्या मातीच्या पांधणीसाठी जुनी बोलेरो कॅम्पर कशी तयार करावी?

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे महिंद्राची जुनी बोलेरो कॅम्पर आहे. दोन ओळींची केबिन, मागे हौदा, २५२३ सीसीचे डिझेल इंजिन आणि फोर बाय फोर. नोंदणी मालवाहू वाहन म्हणून आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स उत्तम आहेत, त्यांची चिंता नाही. प्रश्न आहे तो यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात आमच्या गावापासून वावरापर्यंत जाणाऱ्या पांधणीचा. जुलैपासून दिवाळीपर्यंत ही गाडी त्या पांधणीत भरवशाने चालावी, यासाठी तिच्यात कोणते बदल करावेत आणि कोणते आधी करावेत, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. गाडी उंच आणि रुबाबदार दिसावी अशी इच्छा अजिबात नाही. खताची पोती, फवारणीचे पाणी, सोयाबीनचे कट्टे आणि पुढे कापूस एवढी वाहतूक भर पावसाळ्यात ट्रॅक्टरवर अवलंबून न राहता करता आली, तर आमच्यासारख्या कास्तकाराचा हंगाम सुरळीत जातो.

पांधण पूर्णपणे काळ्या भारी मातीची आहे. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. ती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, हे शेती करणाऱ्याला वेगळे सांगायला नको. गाडीच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की पावसानंतर थोडे अंतर जाताच टायरच्या नक्षीतील खाचा भरून टायर गुळगुळीत होतो, मडगार्डच्या आत चिखल थापला जातो आणि चाक त्याला घासू लागते. मग उतरून खुरप्याने तो खरवडून काढावा लागतो. तो तसाच राहून सुकला, तर दुसऱ्या दिवशी ब्रेकच्या नळीपर्यंत दगडासारखा घट्ट झालेला असतो.

दुसरी अडचण चाकोऱ्यांची आहे. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडल्या असून मधली माती उंच राहिली आहे, आणि आमच्या गाडीचे डिफरन्शियलचे (डाव्या-उजव्या चाकाला ओढ वाटून देणाऱ्या गिअरसंचाचे) हाउसिंग, म्हणजे अॅक्सलवरचा फुगीर डबा, नेमके त्या उंचवट्यावर टेकते. ते एकदा टेकले की चाकांवरचा भार कमी होतो आणि मग चारही चाकांना ओढ असूनही पुढचे एक व मागचे एक चाक जागेवर फिरत राहते.

गावाजवळच्या मिस्त्रींनी कमानींना (पाट्यांच्या स्प्रिंगना) जास्तीचा पाटा टाकून व लांब शॅकल (कमानीचे टोक चॅसीला जोडणारी पट्टी) बसवून गाडी सुमारे ३ इंच उचलण्याचा सल्ला दिला आहे. त्यांच्या हाताला गुण आहे आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे, तरीही हा उपाय मला पटत नाही. शॅकल लांब केल्याने चॅसी आणि केबिन वर जातील. परंतु हाउसिंग अॅक्सलबरोबर खालीच राहील, कारण अॅक्सलची जमिनीपासूनची उंची केवळ टायर ठरवतो. सध्या २१५/७५ आर १५ मापाचे टायर आहेत, त्यांचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर भरतो. २३५/७५ आर १५ बसवले तर व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर होतो, म्हणजे हाउसिंग जेमतेम १५ मिलिमीटर वर जाते. एवढ्यासाठी टायरचा खर्च करावा का? शिवाय रुंद टायर मडगार्डमध्ये चिखलासाठी आणखी कमी जागा ठेवेल, ही शंका आहेच.

माझा कल असा आहे, की माप तेच ठेवून खोल आणि विरळ नक्षीचे मड टायर घ्यावेत, मागच्या अॅक्सलला डिफरन्शियल लॉक (दोन्ही चाके एकत्रच फिरवणारी यंत्रणा) बसवता येत असल्यास बसवावे, आणि बसलेल्या कमानींना नवीन पाटा न टाकता जुन्याच पाट्यांना ताव देऊन मूळ बाक परत आणावा. खर्चाची मर्यादा ८०,००० रुपये आहे. या रकमेत सगळे बसणार नाही, हे ठाऊक आहे. म्हणूनच आधी काय, हा खरा प्रश्न आहे. मागच्या चाकांना लोखंडी साखळ्या बांधून काळ्या चिखलात कोणी गाडी चालवली असेल, तर तो अनुभवही कळवावा.

पांधणीत दोन ठिकाणी नाला आडवा येतो. त्यासाठी हवेचे तोंड छतापर्यंत नेणारा स्नॉर्कल आवश्यक आहे काय? गाडी आठ वर्षांहून जुनी असल्याने दरवर्षी योग्यता तपासणीला न्यावी लागते, त्यामुळे परिवहन कार्यालयात अडचण येईल असा कोणताही बदल नको आहे.

प्रतिसाद

नमस्कार भाऊ. मी वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटकडे असतो. आमची जमीनही अशीच भारी आहे आणि जुन्या फोर बाय फोर गाड्यांचे काम बरीच वर्षे करीत आलो आहे. आपले निदान योग्य आहे, शॅकल लांब करू नका. पुढे लांब शॅकल बसवल्यास अॅक्सलचा कल बदलतो आणि सडकेवर स्टीअरिंग भरकटू लागते. मागे बसवल्यास प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून अॅक्सलपर्यंत ओढ नेणाऱ्या दांड्याचा) कोन वाढून त्याच्या सांध्यातले क्रॉस लवकर खराब होतात. बऱ्याच मालवाहू गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी अॅक्सलला जोडलेली असते. मागचा भाग उचलला गेला, की त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामी आहे असे वाटते आणि भरल्या गाडीतही मागचा ब्रेक कमी लागतो. आपल्या गाडीला तो असेल, तर पाट्यांना ताव दिल्यानंतरही दांडी तपासून घ्या. जास्तीचा पाटा तर चिखलात उलट नडतो, कारण कडक कमान वाकत नाही आणि खड्ड्यावर चाक अधांतरी राहते.

मात्र एक पैसाही खर्च करण्यापूर्वी पुढच्या चाकांना खरोखर ओढ मिळते का, ते पाहा. गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकांना उटी (अडसर) लावा, पुढची दोन्ही चाके जॅकवर उचलून खाली भक्कम स्टँड द्या, इंजिन बंद ठेवून फोर बाय फोरचा दांडा टाका, पुढच्या चाकांचे हब (चाक शाफ्टला जोडणारे भाग) स्वतंत्र लॉक करायचे असतील तर तेही लॉक करा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. आता एक चाक हाताने फिरवले, की दुसरे उलट दिशेने फिरले पाहिजे. एक चाक मोकळे फिरले आणि दुसरे हलले नाही, तर एखादा हब गुंतत नाही किंवा आतला शाफ्ट तुटलेला आहे. जुन्या गाड्यांत हा दोष वर्षानुवर्षे लक्षात येत नाही आणि मालक टायरला दोष देत राहतो.

त्यानंतर टायर. माप तेच ठेवा, मड टायरच घ्या. काळ्या चिखलात नक्षी साफ राहण्यासाठी चाक थोडे वेगाने फिरावे लागते, म्हणून चिखलात अगदी रांगत जाऊ नका. गाडी रिकामी असताना हवा २० पीएसआयपर्यंत उतरवली तर टायर जमिनीवर पसरतो आणि पकड वाढते; परंतु भरल्या गाडीत एवढी उतरवू नका आणि डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी पुन्हा भरा. त्यासाठी गाडीच्या बॅटरीवर चालणारा पंप सोबत हवाच. साखळ्या चिखलात उपयोगी पडतात, मात्र टायर आणि कमानीच्या मध्ये साखळीला पुरेशी जागा आहे का ते मोजून घ्या, आणि डांबरावर येण्याआधी त्या काढाव्याच लागतात.

डिफरन्शियल लॉक चांगलेच, पण ते दुसऱ्या वर्षी घ्या. त्याआधी अगदी स्वस्त काम करा: दोन्ही अॅक्सलच्या ब्रीदरना (आतली हवा ये-जा करू देणाऱ्या छोट्या तोंडांना) रबरी नळी जोडून ती उंच न्या. तापलेला अॅक्सल नाल्याच्या गार पाण्यात शिरला, की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलमधून पाणी ओढले जाते. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी गेले असे समजा आणि ते ताबडतोब बदला.

स्नॉर्कलची आपल्याला गरज नाही. हवेच्या तोंडापर्यंत पाणी येत असेल, तर तो नाला गाडीने ओलांडण्याजोगाच नाही. इंजिनात पाणी गेले तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. रपट्यावरून (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) पाणी वाहत असताना थांबणे हाच उपाय आहे, त्याला पर्यायी सुटा भाग बाजारात मिळत नाही.

कायद्याबद्दल सांगायचे तर, मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली आहे. समोर लोखंडी क्रॅश गार्ड बसवण्याचा विचार असेल तर तोही सोडा. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना त्यावर कारवाई करण्यास कळवले होते. मूळ मापाचे टायर, पाट्यांना ताव आणि ब्रीदरची नळी ही कामे देखभालीतच मोडतात.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार, भाऊ. ब्रीदरचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. हबची तपासणी मिस्त्रींसमोर करून काय आढळले ते येथे लिहितो. आणखी एक विचारायचे राहिले: गाडी फसल्यावर ट्रॅक्टर पुढच्या बंपरला साखळी लावून ओढतो, त्याने बंपर वाकला आहे. ओढण्याचा हुक चॅसीला कोठे आणि कोणत्या जाडीच्या बोल्टने बसवावा?