प्रतिसाद: आवाज बसलाय म्हणजे आजारी आहे असं नाही, ताई

ताई, सैन्यातल्या प्रशिक्षणाच्या तिसऱ्या आठवड्यात लेकाचा जेमतेम दोन मिनिटं फोन आला, आवाज बसलेला होता आणि तुम्ही रात्रभर जाग्या राहिलात, हे वाचून पोटात कालवलं. आमचा मुलगाही अग्निवीर म्हणून बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरात होता. त्याचाही आवाज असाच बसला होता. ड्रिलला बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं, बाकी काही नाही.

पहिले 10 आठवडे बेसिक, मग 21 आठवडे पुढचं प्रशिक्षण. सुरुवातीचे दिवसच जड जातात. 'जेवलास का?' विचारलं की तो नुसतं 'हो' म्हणायचा. मग मी विचारायला लागले, 'आज दोर चढलास का?' त्यावर भडाभडा बोलायचा. बीपीईटीमध्ये, म्हणजे सैन्यातल्या शारीरिक क्षमतेच्या चाचणीत, रायफलसह 5 किलोमीटर धावणं असतं, दोर असतो, 9 फुटांचा खड्डा ओलांडायचा असतो. तुम्हीही हेच विचारून बघा. आणि फोनवर रडू नका हो, नंतर खुशाल रडा.

कसम परेडला, म्हणजे प्रशिक्षण संपल्यावरच्या शपथेच्या परेडला, मात्र दोघंही जा. धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेतात. आई-वडिलांना गौरव पदक देतात. ते माझ्या पदराला लावताना त्याची बोटं लागली, खरखरीत, घट्टे पडलेली. घरी ताटही न उचलणारा पोरगा! अजून ते पदक देवघरात आहे.

पुढचा फोन आला की इथे नक्की कळवा, वाट बघतेय.