खान्देशातील माध्यमिक शाळांत नववीपासून जागतिक भाषा शिकवावी का?

गिरणाकाठ (धागालेखिका)

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन या भाषा माध्यमिक स्तरावर उपलब्ध असाव्यात, असे म्हटले आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची परकीय भाषेशी गाठ पडते ती बहुधा अकरावीत, आणि तीही टक्केवारी वाढवून देणारा विषय म्हणून. ठरावीक पत्रे, ठरावीक संवाद आणि व्याकरणाचे तक्ते पाठ करून तो उत्तम गुण मिळवतो आणि बारावीची परीक्षा संपली की ते पुस्तक पुन्हा हातात घेत नाही. माझे मत असे की, नववीपासून एक जागतिक भाषा ऐच्छिक विषय म्हणून, ऐकण्या-बोलण्यावर भर देऊन शिकवावी.

याचा आपल्या भागाशी काय संबंध, असे कोणी विचारू नये. रावेर-यावलची केळी आखाती देशांत जातात. घडाच्या फण्या सोडवणे, त्या पाण्यातून काढणे, पुसणे आणि खोक्यात रचणे हे सारे आपली माणसे करतात, परंतु तिकडच्या व्यापाऱ्याशी बोलणी होतात ती मधल्या निर्यातदारामार्फत. अजिंठ्याला जपानी पर्यटक येतात, त्यांतील कितीतरी जळगावला रेल्वेने उतरतात. लेण्यांच्या पायथ्याशी दगडी मूर्ती विकणारी मुले त्यांना जपानीत भाव सांगतात. ती भाषा त्यांना कोणत्याही शाळेने शिकवलेली नाही. मुलांच्या अंगी क्षमता आहे, याला आणखी कोणता पुरावा हवा? शिवाय जर्मनची तीन लिंगे पाहून इंग्रजी माध्यमाचा मुलगा जितका गोंधळतो, तितका मराठी मुलगा गोंधळत नाही, आणि जपानी वाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद तर त्याच्या सवयीचेच असते.

सातपुड्याच्या पायथ्याहून

ताई, आपली तळमळ समजते, तरीही मी या मागणीच्या विरोधात आहे. मी नंदुरबार जिल्ह्यात शिकवतो. माझ्या वर्गातील बहुतेक मुले घरी भिलीची एखादी बोली किंवा पावरी बोलतात. त्यांच्यासाठी मराठी ही शाळेत येऊन शिकावी लागणारी भाषा आहे, त्यानंतर हिंदी आणि इंग्रजी. नववीतील एका मुलीला मी गणिताचे शाब्दिक उदाहरण वाचायला दिले, तेव्हा ती अडखळत वाचून गप्प राहिली. तेच उदाहरण तिच्या मैत्रिणीने पावरीत सांगताच तिने ते फळ्यावर सोडवून दाखवले. अशा मुलीच्या वेळापत्रकात पाचवी भाषा घालण्याआधी तिच्या पहिल्या भाषेला वर्गात जागा द्यायला नको का? जिथे इंग्रजीच्या शिक्षकाचे पद वर्षानुवर्षे रिकामे राहते, तिथे जपानीचा शिक्षक कोठून येणार, याचे उत्तर धाग्यात कोठेही नाही.

भुसावळकर

अरबीविषयी थोडे सांगतो, कारण मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. राज्य मंडळाच्या दहावीच्या विषययादीत संस्कृत, पाली आणि अर्धमागधीप्रमाणे अरबी आणि फारसीही पूर्वीपासून आहेत. तेव्हा केळीच्या व्यापारासाठी नवे धोरण हवे, असे नाही. अडचण निराळीच आहे. मुले अरबी लिपी सफाईने वाचतात, पण दुबईच्या बाजारात बोलली जाणारी अरबी ऐकली तर त्यांना फारच थोडे कळते, कारण ग्रांथिक अरबी आणि आखाती बोली यांत मोठे अंतर आहे. विषय सुरू करणे सोपे असते. तो बोलता येण्यापर्यंत नेणे कठीण असते.

पांझरा

रोजगाराच्या नावाखाली पालकांची दिशाभूल होऊ नये, एवढ्यासाठी लिहितो. महाराष्ट्राने 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केल्यापासून धुळ्यातही अनेक पालक जर्मनच्या शिकवणीची चौकशी करू लागले आहेत. युरोपीय मोजणीत भाषेच्या ए-1 पासून सी-2 पर्यंत सहा पायऱ्या आहेत. तेथे परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळवायची, तर साधारणतः बी-2, म्हणजे चौथी पायरी गाठावी लागते. जपानच्या कुशल कामगार व्हिसासाठी, जो 2019 मध्ये सुरू झाला, पाच पातळ्यांच्या परीक्षेत किमान एन-4 (खालून दुसरी पातळी) किंवा तिच्या तोडीची दुसरी परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते, आणि त्या पाच पातळ्यांच्या परीक्षेत बोलण्याची चाचणीच नसते. आठवड्याच्या दोन तासिकांत शाळा मुलाला पहिल्या पायरीवर नेऊन सोडेल. त्या पायरीवर नोकरी नाही.

गिरणाकाठ

पांझरा यांचा आकडेवारीचा भाग मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच सुरुवात लवकर व्हावी, असे मी म्हणते. चौथी पायरी गाठायची असेल, तर पहिली अठराव्या वर्षी चढणे परवडणारे नाही. पुण्याची मुलगी त्याच वयात तिसरीवर असते, आणि आपली मुलगी महागड्या शिकवणीत पहिली धुळाक्षरे गिरवते. भुसावळच्या सरांचा अनुभव तर माझ्या मागणीला बळच देतो: परीक्षेत बोलण्याला गुण असल्याशिवाय वर्गात कोणी बोलत नाही.

सातपुड्याच्या सरांनी शिक्षकांचा प्रश्न उपस्थित केला, तो रास्त आहे. प्रत्येक शाळेला स्वतंत्र शिक्षक मिळणार नाही. तालुक्यासाठी एक शिक्षक नेमून त्याने तीन-चार शाळांत ठरलेल्या दिवशी जावे, हा मार्ग निघू शकतो. मात्र ज्या मुलीबद्दल आपण लिहिले, तिच्यासाठी हा विषय ऐच्छिकच राहील. तिच्यामुळे चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या मुलीला तो नाकारणे मला पटत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याहून

ऐच्छिक हा शब्द धोरणात शोभून दिसतो, पण शाळेत ऐच्छिक विषय निवडते ती संस्था. मूल निवडत नाही. संस्थेने जाहिरातीसाठी जर्मन घेतली की त्याच तासिका चित्रकला, खेळ किंवा इंग्रजीच्या जादा तासातून कापल्या जातात, हे मी जवळून पाहिले आहे. तालुक्याला एक फिरता शिक्षक ही सूचना मला मान्य आहे, परंतु एका अटीवर: त्याच तालुक्यात आधी भिली-पावरी जाणणारा एक भाषाशिक्षक नेमावा, आणि दोन्ही पदे एकाच आदेशात मंजूर व्हावीत. असे निवेदन शिक्षणाधिकाऱ्यांना देणार असाल, तर त्यावर माझीही सही घ्या.