जुने ब्रिटिश विनोदी चित्रपट : जिव्हाळा टिकला, पण सगळे विनोद टिकले का?

परसदार (प्रश्न)

नमस्कार. लग्नानंतर १९९१ मध्ये मी लेस्टरला आले, तेव्हा रविवारी दुपारी शेजारच्या आजींकडे चहाला जायचे आणि त्यांच्यासोबत टीव्हीवर लागलेला जुना कृष्णधवल चित्रपट पाहायचा, असा परिपाठच पडून गेला होता. पडद्यावरचे बोलणे मला निम्मेशिम्मेच कळे, म्हणून आजी मध्येच आवाज कमी करून विनोद उलगडून सांगत असत. 'पासपोर्ट टू पिम्लिको' मी पहिल्यांदा पाहिला तो असा. लंडनमधल्या पिम्लिको भागात युद्धकाळातला एक न फुटलेला बॉम्ब फुटतो, त्या खड्ड्यातून खजिन्यासोबत एक जुनी सनद बाहेर येते, आणि तिच्या आधारे ती वस्ती ब्रिटनची नसून बर्गंडीच्या ड्यूकची असल्याचे सिद्ध होते. मग ब्रिटिश कायदे आपल्याला लागूच नाहीत, म्हणजे रेशनही नाही, अशा आनंदात सारी वस्ती न्हाऊन निघते.

मी खळखळून हसत होते आणि आजींच्या डोळ्यांत पाणी होते. मला ते कोडे उलगडेना, तेव्हा त्यांनी सांगितले की हा चित्रपट आला त्याच महिन्यात, एप्रिल १९४९ मध्ये, गोळ्या-चॉकलेटांवरचे रेशन उठले होते. मात्र दुकानांत इतकी झुंबड उडाली की चारच महिन्यांत ते पुन्हा लावावे लागले, आणि कायमचे उठायला १९५३ उजाडले. शेवटच्या प्रसंगात पिम्लिकोची माणसे पुन्हा ब्रिटनमध्ये सामील होतात आणि नवी रेशनपुस्तके हसतमुखाने स्वीकारतात, त्यात विनोद किती आणि खरेपण किती, हे मला त्या दिवशी समजले.

यंदा नाताळात माझी सव्वीस वर्षांची मुलगी घरी आली होती. तिला 'पिम्लिको' दाखवला आणि तिला तो आवडला. दुसऱ्या दिवशी मोठ्या हौसेने १९६८ चा 'कॅरी ऑन अप द खैबर' लावला, आणि दहा मिनिटांतच ती गप्प झाली. गोऱ्या नटांनी चेहऱ्याला तपकिरी रंग लावून हिंदुस्थानी माणसे रंगवलेली पाहून तिने विचारले, "आई, तुला तेव्हा हे लागलं नाही का गं?" मला उत्तर देता आले नाही. ज्या चित्रपटांनी मला या देशात पहिल्यांदा हसवले, त्यांच्याकडे आज कसे पाहावे? आपण काय करता, हे जाणून घ्यायचे आहे.

रिळवाला

ताई, आपण ज्यांची आठवण सांगितलीत ते दोन चित्रपट दोन वेगळ्या घरांतले, म्हणजे वेगळ्या स्टुडिओंतले आहेत, आणि हा फरक लक्षात घेतला तर आपल्या मुलीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते, असे मला वाटते.

'पिम्लिको' पश्चिम लंडनमधल्या ईलिंग स्टुडिओचा. निर्माते मायकेल बाल्कन यांच्या हाताखाली या स्टुडिओने एकट्या १९४९ साली तीन अप्रतिम विनोदी चित्रपट दिले. 'पिम्लिको'शिवाय 'व्हिस्की गलोर' आणि 'काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स' हे ते दोन. फेब्रुवारी १९४१ मध्ये 'एसएस पॉलिटिशियन' हे व्हिस्कीने भरलेले जहाज स्कॉटलंडच्या एरिस्के बेटापाशी खरोखरच खडकावर आदळले होते, आणि 'व्हिस्की गलोर'ची मूळ कादंबरी त्या घटनेवर बेतलेली आहे. युद्धामुळे बेटावर थेंबभरही व्हिस्की उरलेली नाही, समोर जहाज रुतले आहे, माणसे होड्या काढायच्या तयारीत आहेत, आणि तेवढ्यात मध्यरात्रीचे ठोके पडून रविवार सुरू होतो. रविवारी काम करणे धर्माला मान्य नाही, म्हणून सगळे गाव चोवीस तास नुसते समुद्राकडे पाहत बसते. या प्रसंगात कोणी कोणाची टर उडवत नाही. माणसांची श्रद्धा आणि त्यांची तहान या दोहोंना दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक सारखाच मान देतो, आणि म्हणूनच ज्याने आयुष्यात स्कॉटलंड पाहिलेले नाही त्यालाही तो प्रसंग आपलासा वाटतो. रेशन, शनिवार-रविवारचे नियम, सरकारी अधिकाऱ्यांचा तोरा हे सगळे जुने झाले आहे हे खरे, पण ते जुने होणे एखाद्या जुन्या वाड्याच्या जुने होण्यासारखे आहे. जोता कुठे होता, माजघर कुठे होते, हे कोणी दाखवून दिले की तो वाडा पुन्हा राहता वाटू लागतो. आपल्या शेजारच्या आजींनी आपल्यासाठी नेमके हेच केले.

'काइंड हार्ट्स'बद्दल मात्र थोडे अधिक सांगायला हवे, कारण माझ्या मते तो या साऱ्यांत श्रेष्ठ आहे आणि तरीही निर्दोष नाही. इटालियन गायकाशी लग्न केले म्हणून आईला वाळीत टाकणाऱ्या उमराव घराण्यातली, आपल्या आणि ड्यूकपदाच्या मध्ये उभी असलेली माणसे नायक एकामागून एक संपवतो. आणि त्या घराण्यातल्या आठ व्यक्ती, त्यात एक बाईसुद्धा, एकट्या अ‍ॅलेक गिनेस यांनी साकारल्या आहेत. चर्चमधल्या एका दृश्यात त्यांतल्या सहा जणी-जण एकत्र दिसतात. छायालेखक डग्लस स्लोकोम यांनी कॅमेरा जागचा तसूभरही हलू न देता, भिंगापुढचा एकेक भाग झाकत आणि तीच फिल्म पुन्हा पुन्हा मागे घेत ते दृश्य टिपले. आज संगणकावर हे सहज जमेल, पण तेव्हा कॅमेऱ्याला नुसता धक्का लागला असता तरी सगळे काम वाया गेले असते. अशा चित्रपटात एक बालगीत म्हटले जाते आणि त्यात कृष्णवर्णीयांसाठीची एक अत्यंत हीन शिवी येते. अमेरिकेत दाखवलेल्या आवृत्तीत तेव्हाच तो शब्द बदलला होता, म्हणजे तो कोणाला तरी खुपेल हे त्या काळीही ठाऊक होते. 'तो काळच तसा होता' हे वाक्य म्हणूनच मला पुरेसे वाटत नाही. मी तो चित्रपट दाखवतो, आणि त्या प्रसंगाविषयी आधीच सांगून ठेवतो.

रात्रपाळी

मी बर्मिंगहॅममध्ये बावीस वर्षे परिचारिका आहे, त्यामुळे 'कॅरी ऑन'बद्दल बोलण्याचा थोडा हक्क माझाही आहे. १९५८ ते १९७८ या वीस वर्षांत पाइनवुड स्टुडिओत पीटर रॉजर्स आणि जेराल्ड थॉमस यांनी या मालिकेचे तीस चित्रपट केले. त्यांतला १९५९ चा 'कॅरी ऑन नर्स' त्या वर्षी ब्रिटनमध्ये सर्वाधिक चालला, आणि तो का चालला हे वॉर्डात काम केलेल्या माणसाला लगेच कळते. मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका, फेरीला येणार म्हटल्यावर चादरीच्या घड्या सरळ करण्याची धांदल आणि खाटेवर पडल्यापडल्या नियमांविरुद्ध कुरकुरणारे रुग्ण, हे सगळे अगदी खरे आहे. हॅटी जॅक्स यांची मेट्रन पाहताना मला माझी पहिली सिस्टर आठवते आणि आजही पाठ आपोआप ताठ होते.

पुढच्या चित्रपटांत मात्र परिचारिकेचे काम मागे पडत गेले आणि तिची कंबर पुढे येत गेली. समुद्रकिनाऱ्यावर विकल्या जाणाऱ्या चावट पोस्टकार्डांची आणि म्युझिक हॉल म्हणजे जुन्या करमणुकीच्या रंगमंचांवरल्या द्व्यर्थी बोलण्याची ती परंपरा आहे, हे मला ठाऊक आहे, आणि केनेथ विल्यम्स यांनी नाक फेंदारून एखादा साधा शब्द असा उच्चारावा की त्याला दुसरा अर्थ फुटावा, या कसबाला मी मनापासून दाद देते. पण रात्रपाळीत एखादा रुग्ण तेच विनोद ऐकवून माझ्याकडे पाहतो, तेव्हा ते पडद्यावरचे राहत नाहीत. म्हणून मी सुरुवातीचे चित्रपट पाहते आणि नंतरचे बरेचसे पाहत नाही.

सातासमुद्र

'खैबर'विषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून थोडे लिहितो. त्यातली खैबर खिंड प्रत्यक्षात उत्तर वेल्समधल्या स्नोडोनियाच्या डोंगरांत चित्रित झाली आहे. केनेथ विल्यम्स यांच्या संस्थानिकाला 'कलाबारचा खाझी' हे नाव दिले आहे, आणि लंडनच्या बोलीत खाझी म्हणजे संडास, हे कळल्यावर मला राग आला होता. ताईंच्या मुलीला जे लागले ते लागण्यासारखेच आहे, त्यात समजुतीची काही चूक नाही.

तरीही त्याच चित्रपटातला शेवटचा जेवणाचा प्रसंग मी कधीही पाहू शकतो. गव्हर्नरच्या बंगल्यावर तोफगोळे पडताहेत, छताचा गिलावा ताटांत कोसळतो आहे, आणि काळे सूट घातलेले साहेब व त्यांच्या मडमा काहीच घडत नसल्यासारख्या गप्पा मारत जेवताहेत. घाबरलेला आहे तो एकटा पीटर बटरवर्थ यांचा धर्मोपदेशक. साम्राज्य हातचे गेल्यानंतर वीस वर्षांनी इंग्रजांनी आपल्याच ताठ्याकडे इतक्या स्वच्छपणे पाहिलेले मला फार थोड्या ठिकाणी आढळले आहे. ही दोन्ही एकाच चित्रपटात आहेत आणि मला त्यांतले एकही पुसता येत नाही.

परसदार

सर्वांचे मनापासून आभार. रात्रपाळी, आपले म्हणणे वाचून मी बराच वेळ थांबले, कारण त्या विनोदांची झळ कोणाला कुठे बसते याचा विचार मी केला नव्हता.

मुलीला काल फोन केला आणि खरे तेच सांगितले: लागले होते, पण १९९१ मध्ये मी इतकी एकटी होते की शेजारी बसून कोणीतरी सोबत हसते आहे, याचेच मोल मला जास्त वाटले, आणि लागलेले मी गिळून टाकले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले की आजींचा सर्वांत आवडता चित्रपट कोणता होता.

तो होता १९५५ चा 'द लेडीकिलर्स'. किंग्ज क्रॉस स्थानकाजवळच्या घरात एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईंकडे पाच दरोडेखोर वादक असल्याची बतावणी करून खोली भाड्याने घेतात, ग्रामोफोनवर बोकेरिनी या संगीतकाराची तबकडी लावून आत कट शिजवतात, आणि पुढे त्या बाईंच्या मैत्रिणींच्या चहापार्टीत मुकाट्याने बसलेले दिसतात. केटी जॉन्सन पंचाहत्तरी ओलांडल्यावर या भूमिकेत झळकल्या आणि त्यांना बाफ्टाचा, म्हणजे ब्रिटिश चित्रपट अकादमीचा, सर्वोत्कृष्ट ब्रिटिश अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. आजी म्हणत, या बाईंनी त्या दांडगटांना केवळ चहाच्या किटलीने हरवले.

मुलगी ईस्टरला येणार आहे. आजींची चहाची किटली त्यांच्या पश्चात माझ्याकडे आली आहे, ती माळ्यावरून काढून घासून ठेवते.